करजगी सर आणि चरबीचं मूळ

कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खांद्याला बर्फ भरलेला थर्मास. अशा थाटात दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. सोलापुरात आम्ही पाहिला आहे. ते आमचे करजगी सर.

सर पक्के शाकाहारी. अंडं घातलं असेल या संशयाने केकसुद्धा न खाणारे. पण रविवार उजाडला की नव्या पेठेच्या मागच्या गल्लीतल्या चाचांच्या दुकानापुढे हजर. त्यांचा नंबर आला की चाचा सुरी बाजूला ठेवून सलाम करत.

"क्या बोलूं प्रोफेसरसाब, गुर्दे के बाजू का चरबी देख्या. अल्ला कसम, सब सफेदच निकल्या. तुमना होना सो भूरा वाला आज बी नै मिल्या."

"एक टिपकासुद्धा नाही?"

"टिपका बी नै."

सर खिन्न होऊन ती पांढरी चरबी थर्मासात टाकून घेत आणि घरी जात. मागे रांगेतली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत. साहजिकच समाजात बोभाटा झाला. दोन वडीलधारी मंडळी समजावायला घरी आली, तेव्हा सर म्हणाले, "मी बघायला जातो, खायला नाही. तुम्ही दवाखान्यात जाता ते आजार खायला जाता का?" मंडळी चहा पिऊन परत गेली. 

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मी त्याच विभागात निदर्शक म्हणून नुकताच लागलो होतो. मॅट्रिकच्या पुढं गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. कॉलेजच्या पायऱ्या चढताना चपला काढाव्यात की काय असं मला पहिले काही दिवस खरोखर वाटे. अशा मला सरांनी पहिल्या भेटीत नाव विचारलंच नाही. विचारलं, "मूळ कुठलं?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नव्या माणसाला, नव्या बेडकाला, नव्या शब्दाला, सगळ्यांना हाच. आणि उत्तर मिळालं की तेच त्या माणसाचं नाव होई. शिपाई 'मोहोळ', ग्रंथपाल 'बार्शी', आमचे विभागप्रमुख पाठीमागे 'सातारा' आणि चुकून कधी तोंडावरही 'सातारा'. उंदीर मुंबईहून आले होते, म्हणून ते 'मुंबईकर'.

"सांगोला," मी म्हणालो.

"घरी काय?"

"वडील मेंढरं राखतात," मी खाली बघून सांगितलं.

सर खुर्चीतून उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मेंढरं! घरची! अहो सांगोला, इतके दिवस कुठं होता तुम्ही?"

पदवीच्या दाखल्यानं जे झालं नव्हतं ते त्या दिवशी आमच्या मेंढरांनी केलं. मी कॉलेजात ताठ चालायला लागलो.

आता सरांना मेंढरं कशाला हवी होती ते सांगायला हवं. ते मला जसं समजलं तसं सांगतो, कारण सर सांगत तसं सांगणं मला जमणार नाही. अंगात चरबी दोन जातींची असते. एक पांढरी. ती आपण सगळे बाळगून असतो, कुणी थोडी, कुणी पोटाच्या वर चढेपर्यंत. तिचं काम साठवण्याचं. दुसरी तपकिरी. ती साठवत नाही, जाळते, आणि जाळून अंगाला ऊब देते. नुकत्या जन्मलेल्या जिवांत ती भरपूर असते.

"तान्हं मूल थंडीत कुडकुडताना पाहिलंय का कधी?" सर विचारत. "नाही पाहिलं. कारण त्याच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, चूल असते. पांढरी चरबी म्हणजे कोठार आणि तपकिरी म्हणजे चूल. आता मला सांगा सांगोला, कोठाराची चूल होते का?"

सरांचा सारा जीव या एका प्रश्नात अडकला होता. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी तपकिरी असते. काही आठवड्यांत ती पांढरी होऊन जाते. मग तपकिरी गेली कुठं? मेली? की पांढरा सदरा घालून तिथंच बसली आहे? आणि मुळात ती आली कुठून? दोन्ही चरब्या एकाच घराण्यातल्या, की वेगवेगळ्या?

विभागप्रमुखांचं मत साधं होतं. "अहो करजगी, चरबी ती चरबी. एकीनं पांढरं नेसलंय, एकीनं खाकी. आणि सोलापूरला उष्णतेची टंचाई आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? इथं थंडावा देणारी चरबी शोधा, लोक तुमची मिरवणूक काढतील."

बोलणं मे महिन्यात चाललेलं. पंखा गरम वारा फेकत होता आणि खडू हातात धरला तर घामानं ओला होत होता. सगळे हसले. सर हसले नाहीत.

"चूल बांधणारा गवंडी वेगळा असतो," ते म्हणाले. "मला तर वाटतं ही चरबी नव्हेच. हा स्नायूचा सख्खा भाऊ आहे. चरबीच्या घरी दत्तक गेलेला."

पुरावा म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या दाखवत. पांढऱ्या पेशीत तेलाचा एकच भलाथोरला थेंब, आणि बिचारं केंद्रक कडेला भिंतीशी चेपून बसलेलं, बिऱ्हाडकरूसारखं. तपकिरी पेशीत बारीक बारीक थेंब, फोडलेल्या डाळिंबासारखे, आणि केंद्रक ऐसपैस मध्ये. न जन्मलेल्या कोकराच्या काचपट्टीत मात्र स्नायूला लागून काही कोवळ्या पेशी दिसत. त्यांच्यात थेंबही नाही, धागाही नाही. "ही पोरं कुणाची?" सर डोळा न काढता पुटपुटत. "मूळ कुठलं रे तुमचं?" मीही डोळा लावून बघे. मला त्या सगळ्या सारख्याच दिसत, पण "व्हय सर" म्हणत असे. सरांचा उत्साह मोडावा असं वाटत नसे.

गावाकडं एखादं कोकरू मेलेलं जन्मलं, की वडील माझ्यासाठी ते गोणपाटात गुंडाळून एसटीनं पाठवत. पण त्यांना ते पटत नव्हतं. "जितं कोकरू मागितलं तर समजल की. मेलेलं कशाला लागतंय मास्तरला?" मी सांगितलं, त्याच्या चरबीचं मूळ शोधायचंय. वडिलांनी गोणपाटाची गाठ आवळली. मग म्हणाले, "मेंढीला इचारा म्हणावं."

एकदा असंच आलेलं कोकरू सरांनी उघडलं, आतली तपकिरी चरबी काळजीपूर्वक काढली आणि जवळ दुसरं भांडं नव्हतं म्हणून घरच्या स्टीलच्या डब्यात घालून विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवली. त्याच फ्रिजमध्ये चहाचं दूध असे. आणि त्याच डब्यातून सरांच्या पत्नी, गिरिजाक्का, अधूनमधून विभागासाठी तुपाची बेरी पाठवत. विभागप्रमुखांना बेरी जिवापाड आवडे. दुपारी त्यांनी डबा उघडला, तो आत तांबूस, रवाळ, ओलसर ऐवज. त्यांनी चहाची साखर घेतली, वरून घातली, चमच्यानं कालवली. चमचा मिशांपाशी पोचला आणि सर आत आले.

"खाऊ नका! ते कोकराचं आहे!"

चमचा तिथंच थांबला. विभागप्रमुखांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, ते मोठे गृहस्थ आहेत. सरांनी शांतपणे डबा काढून घेतला, आत निरखून पाहिलं आणि कळवळून विचारलं, "साखर किती घातलीत?"

तो डबा गिरिजाक्कांनी परत घरात घेतला नाही. आणि विभागप्रमुखांनी बेरी सोडली ती कायमची.

यानंतर सरांनी मोठा प्रयोग काढला. मोठ्या झालेल्या उंदरांना कडक थंडी दिली, तर कोठारात लपलेली चूल पुन्हा पेटते का? पेटली, म्हणजे मूळ पुसलं जात नाही. पण सोलापुरात थंडी आणायची कुठून? स्टेशनकडं बर्फाचा एक कारखाना होता. मालकाच्या मुलाला प्राणिशास्त्रात पास व्हायचं होतं, त्यामुळे जागा मिळाली. मुंबईकरांचे पिंजरे बर्फाच्या लाद्यांजवळ ठेवले. तिथं नरसय्या नावाचा कामगार होता, तेलुगू विणकराच्या घरातला. माग बंद पडला म्हणून तो बर्फाकडं आलेला. त्याला सरांनी बजावलं, "दाणापाणी मी देईन. तू फक्त बघ, कुणी हात लावू नये."

सर रोज सायकलवरून जात. बाहेर ऊन रणरणत असायचं आणि सर मफलर गुंडाळून बर्फखान्यात शिरत. बघणाऱ्यांना वाटे, डोक्यावर परिणाम झालाय.

शेवटी उंदीर उघडायचा दिवस आला. मी शेजारी उभा. सरांनी पहिला उघडला. आत पांढरीशुभ्र चरबी, लोण्याच्या गोळ्यासारखी. दुसरा उघडला, तोच प्रकार. तिसरा तर इतका लठ्ठ की टाचण्या टोचायला जागा सापडेना. थंडीत राहिलेला उंदीर असा असूच शकत नाही. सरांनी हातमोजे काढले आणि सायकल काढली. मी मागच्या कॅरिअरवर.

नरसय्यानं काही लपवलं नाही. "पांघरूण घातलो सार. पोतं टाकलो वरून. लई कापत होते ओ. पापं वाटलं, कीव आली. रोज भाकरी बी दिलो, शेंगाचटणी लावून. आवडीनं खायालते."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. सरांनी हात करून थांबवलं.

"तुला सांगितलं होतं ना हात लावू नको म्हणून?"

"सांगितला सार. पन तुमचं पोरगं असतं तर असं ठेवला असता का बर्फात?"

सर येताना सायकल हातात धरून चालत आले. मला वाटलं, प्रयोग गेला म्हणून. त्यांना घरी पोचवून निघालो, तर गिरिजाक्कांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काय निघालं उंदरातनं?"

मी झालेलं सांगितलं. अक्का हसल्या नाहीत. "म्हणजे उत्तर नाहीच मिळालं. आता हे अजून एक वर्ष लावतेत बघा. तवर माझी जाऊ बाळंत होऊन पोर रांगायला लागेल."

मला काही उमजेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. सरांना मूलबाळ नव्हतं. करजगी गावात त्यांचे धाकटे भाऊ मल्लण्णा राहत. त्यांचं घर पोरांनी भरलेलं, आणि आता आणखी एक येणार होतं. 'होईल ते वहिनींच्या ओटीत घालतो,' असं मल्लण्णांनी स्वतःहून म्हटलं होतं. अक्का एका पायावर तयार होत्या. सर नाही म्हणत नव्हते, पण होही म्हणत नव्हते.

"विचारलं की म्हणतेत, थांब, आधी मूळ कळू दे. उंदरांना विचारून कुणी पोर घेतंय का हो?"

"पण सरांना भीती कसली?"

अक्कांनी हातातली शेंग फोडली. "ते स्वतःच दत्तक आलेत की इथं. ठाऊक नाही तुम्हाला? मल्लण्णा सख्खा भाऊ, पण सांगायचा चुलत. थोरल्या काकांनी ह्यांना लहानपणी सोलापूरला आणलं. जिनं जन्म दिला ती अजून हाय करजगीला. तिला हे चिक्कव्वा म्हणतेत."

चिक्कव्वा म्हणजे काकू. कानडीत आईला अव्वा.

"माझ्या इथल्या सासूबाई मायाळू होत्या, पण या बाबतीत कडक. एकदा सणाला सगळे जमले असताना ह्यांच्या तोंडून तिकडच्या आईला 'अव्वा' गेलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तेव्हा त्या तिकडच्या आईनंच ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं, मला चिक्कव्वा म्हण. बस्स, तेव्हापासून. पोर आपलं होईल का, ही भीती नाही त्यांना. झालंच, तर तिकडं जन्म देणारीचं काय, ही हाय."

मी घरी गेलो. त्या दिवशी मला सरांच्या काचपट्ट्यांत पहिल्यांदा काहीतरी दिसल्यासारखं झालं.

थंडीत करजगीहून निरोप आला. मुलगी झाली. लगेच सल्ले सुरू झाले. "मुलगी कुणी दत्तक घेतं का? पुढच्या खेपेची वाट बघा." अक्का म्हणाल्या, "मला हीच पायजे." आणि सर म्हणाले, "जाऊन बघू." मलाही बोलावलं. "चला सांगोला. निरीक्षणाला दुसरा माणूस लागतो."

अक्कलकोटला एसटी बदलून आम्ही पोचलो. अंगणात कोवळं ऊन होतं, पण वारा झोंबत होता. भाऊबंद सतरंजीवर बसलेले, कानडी-मराठी एकत्र चाललेलं. बाळाला नुकतंच न्हाऊ घालून आणलं होतं. मल्लण्णांच्या बायकोनं, पार्वतीनं, ते दुपट्यात धरलं होतं आणि कुणाकडंच बघत नव्हती.

"बघा पोर," मल्लण्णा म्हणाले.

सरांनी चष्मा पुसला. "पाठ दाखवा."

एकदम कुजबुज झाली. एक म्हातारे मोठ्यानं म्हणाले, "येन री प्रोफेसर, बाजारात बैल बघायलात का, खोड शोधायला?" सगळे हसले. पार्वतीनं मात्र मुकाट्यानं पोर पालथं धरलं. सरांनी तळहात आधी एकमेकांवर घासून गरम केले. मग एक हात त्या एवढ्याशा पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. वाऱ्यानं आम्ही सगळे आखडलो होतो, पोर निवांत होतं.

"सांगोला," ते हळूच म्हणाले, "चूल पेटलेली आहे."

त्यांनी डोळे उघडले, तेव्हा समोर पार्वती होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "ही मोठी झाल्यावर तुला काय म्हणेल?"

"चिक्कव्वा म्हणल की," ती म्हणाली. नीट पाठ केल्यासारखी.

"मग नको," सर म्हणाले.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मल्लण्णा उठून उभे राहिले. "म्हंजे? नको म्हंजे काय?"

"असं असेल तर नको. ही हिला अव्वा म्हणणार असेल, तर मी आत्ता घेतो. गिरिजालाही अव्वाच म्हणेल."

"दोन दोन अव्वा? लोकांत कसं दिसल ते?"

"लोकांना मी समजावतो. कोठार आणि चूल एका अंगात राहतात, त्यात..."

"ते राहू द्या," अक्कांनी मधेच तोडलं. एव्हाना त्या पुढं झाल्या होत्या. त्यांनी पार्वतीच्या खांद्यावर हात ठेवला. "मला पोर पायजे. ती हाका किती जणींना मारती ते मी कशाला मोजू? तू पण यायचं सोलापूरला, काय गं? येत जायचं."

पार्वतीनं मान हलवली आणि मग तिला रडू आलं. अक्काही रडायला लागल्या. पोर मात्र तेव्हाच भूक लागून जे किंचाळलं, त्यात भाऊबंदांचं म्हणणं कुणालाच ऐकू गेलं नाही. ओटी भरली, गूळ वाटला, जेवणं झाली. मूल अंगावरचं होतं म्हणून सहा महिने तिथंच ठेवायचं ठरलं. निघायची वेळ झाली.

त्या साऱ्या गडबडीत भिंतीशी उन्हाला एक म्हातारी सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. सकाळपासून ती जागची हलली नव्हती, कशात बोललीही नव्हती. लहानखुरी, डोक्यावरून पदर घेतलेली. सर तिच्याकडं गेले. मी त्यांची पिशवी घेऊन मागं उभा होतो. ते वाकून पाया पडले आणि तसेच उकिडवे बसले. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज मलाही जेमतेम ऐकू आला.

"अव्वा, निघतो आम्ही."

सूप थांबलं. म्हातारीनं सरांकडं पाहिलं नाही. तिनं आधी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. सरांच्या सोलापूरच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दारात नुसतं ऊन होतं.

मग तिनं ओ दिली.